आत्याचे पैंजण

आमच्या हुपरीत माणसाचे वजन कुणी पुसत नाही. पुसतात ते चांदीचे. घरोघर पैंजणांचे काम आणि घरोघर काटा. एका घुंगराने पारडे कसे कलते, हे पाहण्यात लहानपणी माझी संध्याकाळ सरे.

माझी आत्या त्या काट्याशेजारी बसून पैंजणांना घुंगरे लावी. अंगाने अगदी काडी. छातीत गाठ लागली, तेव्हा लाजेपोटी वर्षभर तिने कुणाला सांगितले नाही. चाळिशीच्या आतच ती गेली. जाण्यापूर्वी आपले पैंजण माझ्या हाती देऊन म्हणाली, "माझी पोर लहान आहे. मोठी झाली की दे तिला."

पुढे माझे अंग सुटले. आत्याचा विषय निघाला की आई म्हणे, "ते त्यांच्याकडचं. तू माझ्या वळणावर गेलीस." मीही निर्धास्त होते.

यंदा गुडघे धरले म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी विचारले, "घरात कुणाला कर्करोग?"

"आईकडे कुणाला नाही."

"आणि वडिलांकडे?"

मी गप्प झाले.

त्या दिवशी पुष्कळ कळले. शंभरांतले पाच-दहा स्तनकर्करोग रक्तातून आलेल्या दोषाने होतात. १९९० साली मेरी-क्लेअर किंग या विदुषीने अशा एका दोषाची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवून दिली. त्या जनुकाला बीआरसीए-१ म्हणतात. हा दोष आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, आणि तो मुलाबाळांत उतरण्याचा संभव निम्मा. वजनाची गोष्ट निराळी. पाळी गेल्यावर अंगावरची चरबीच स्त्रीरस तयार करते आणि धोका वाढवते. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील २०१६ च्या अभ्यासात तर पोटाच्या घेराचा संबंध पाळी जाण्यापूर्वीच्या रोगाशीही दिसला. दोष असलेल्या बायकांतही, तरुणपणी ज्या हिंडत्याफिरत्या नि बेताच्या वजनाच्या होत्या, त्यांना रोग उशिरा गाठतो, असे किंगबाईंना २००३ साली आढळले. म्हणजे वारसा बदलता येत नाही. पण पारड्यात आणखी भर घालायची की नाही, हे काहीसे आपल्या हाती.

मात्र काडीसारख्या माणसाने निर्धास्त राहावे, असे यातून निघत नाही. आत्या काडीच होती.

माझी तपासणी झाली, गाठ नव्हती. मी रोज पंचगंगेच्या बाजूला पायी जाऊ लागले. पण मनातून आत्येबहीण जाईना. तीही आईसारखीच सडपातळ, नि आता आईच्याच वयाला आलेली. पैंजण तिच्या लग्नात मी दिले होते. दुसरा वारसा मात्र कुणीच तिच्या कानी घातला नव्हता.

भाऊबीजेला ती आली तेव्हा मी विषय काढला. ती हसली. "अक्का, मला कसली चरबी?"

मी तिला सगळे सांगितले. मुंबईत टाटाच्या लोकांनी १९९८ पासून दीड लाख बायकांवर केलेला प्रयोगही सांगितला: शिकवलेल्या साध्या बायकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले, एवढ्यानेच पन्नाशीपुढच्या बायकांतले मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. "आणि तुला तर सल्ला पन्नाशीआधीच घ्यायला हवा," मी म्हटले.

ती बराच वेळ पायांतल्या पैंजणांकडे पाहत राहिली. मग हलकेच म्हणाली, "आईनं तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. "सोमवारी दोघी जाऊ," एवढेच मी म्हणाले.

ती उठली, तशी घुंगरे वाजली.