मागचं दार

खकनारच्या बाजारातल्या त्या किराणा दुकानाला दोन दारं होती. पुढचं रस्त्याकडे, उन्हासाठी गोणपाट सोडलेलं. मागचं बोळात, सरकीच्या ढेपेच्या पोत्यांआड. पुढून गिऱ्हाईक यायचं; मागून हमाल आणि घरोब्यातली पोरं. मास्तरांचा मुलगा त्यांतलाच. माठातलं पाणी प्यायला तो बिनदिक्कत आत शिरायचा. एका दुपारी शेठ डुलक्या घेत होते आणि त्यानं गल्ल्यातून पाच रुपयांची नोट काढली.

संध्याकाळी बोभाटा झाला. त्या दिवशी दुकानापुढे एक पारध्याचं पोर लावे विकायला बसलं होतं. कुणी काही पाहिलं नव्हतं, पाहायची कुणाला गरजही वाटली नाही. त्याची पिशवी उलटी केली. घोड्याच्या केसांचे फासे आणि मूठभर ज्वारी खाली पडली. नोट निघाली नाही, तरी दोन थपडा बसल्याच. मग शेठनी मास्तरांच्या मुलाला विचारलं, "का रे बाळ, तू पाह्यलं का याला आत येताना?" मुलानं मान हलवली.

पुढे कॉलेजात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची छोटेखानी कादंबरी हाती आली, 1886 साली निघालेली, डॉ. जेकिल आणि मिस्टर हाइडची. तिच्यातल्या, जेकिलचा हाइड करणाऱ्या औषधी अर्काचं मला फारसं काही वाटलं नाही. मी अडकलो तो दारांपाशी. डॉक्टरच्या वाड्याला पुढून भारदस्त दरवाजा. मागे गल्लीत पोपडे उडालेलं, घंटा नसलेलं दार. वास्तू एकच. पहाटे तीनच्या सुमाराला हाइड एका लहान मुलीला तुडवून जातो. जमलेले लोक त्याला धमकावतात ते पोलिसांचं नाव घेऊन नव्हे, तर शहरभर बदनाम करण्याचं बोलून. तो मागच्या दारानं आत जातो आणि दहा पौंडांची सोन्याची नाणी व बाकीचा चेक घेऊन बाहेर येतो. शंभर पौंडांत प्रकरण मिटतं. चेकवर सही एका प्रतिष्ठित माणसाची, आणि चेक खरा निघतो.

हाइडला जेकिलचं नाव वाचवतं. त्याला जन्माला घालतं तेही तेच नाव. जेकिलच्या मूळ खोडी काही भयंकर नव्हत्या. दुसऱ्यानं त्या चारचौघांत फुशारकीनं सांगितल्या असत्या. पण याचं नाव एवढं उंच गेलेलं, की त्या लपवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. लपवलेलं अंधारात वाढत गेलं आणि शेवटी खुनापर्यंत पोचलं. वाईटाला वेसण घालायला अब्रू असते असं आपण धरून चालतो. इथे अब्रूच त्याला दाणापाणी घालते.

ही कादंबरी निघाली त्याच व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, 1871 साली, हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. आधी उत्तरेत, पुढे सगळीकडे. त्यानं जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायची बंदी. पारधीही त्या यादीत गेले. स्टीव्हन्सन सांगत होता की चोर आणि साव एकाच घरात राहतात. कायदा सांगत होता की चोराची वस्ती वेगळी असते, गावाबाहेर, पालात. 1952 मध्ये कायदा रद्द झाला, माणसं 'विमुक्त' झाली. मात्र बाजारात पिशवी उलटी करणाऱ्या हातांपर्यंत ती बातमी पोचली नव्हती.

आमच्याच तहसिलीतल्या पाचौरीचं नाव आजही पेपरात येतं ते बेकायदा पिस्तुलांपायी. ती घडवणारे सिकलीगर म्हणजे मुळात हत्यारांना धार आणि पाणी देणारे कारागीर. गुन्हा तो गुन्हाच, त्याला पांघरूण घालायचं कारण नाही. पण पिस्तूल घडवणाऱ्याचं गाव सगळ्यांना पाठ असतं, विकत घेणाऱ्याचं गाव कुणी विचारतही नाही. त्याला पुढचा दरवाजा असतो. 'बद अच्छा, बदनाम बुरा' ही हिंदी म्हण आमच्याकडे मराठी माणसंही सर्रास वापरतात, ती उगाच नाही.

जेकिल अखेरचा कबुलीजबाब लिहायला बसतो, तेव्हा हाइडबद्दल लिहिताना त्याच्या हातून 'मी' उतरत नाही. तो 'तो' लिहितो. आचार्य अत्र्यांनी 1962 मध्ये लखोबा लोखंडेला भर कोर्टात उभं केलं, आणि त्याचा सगळा बचाव नाटकाच्या नावातच मावला : 'तो मी नव्हेच'. लखोबा निर्ढावलेला होता, त्यानं लोकांना फसवलं. जेकिल विद्वान होता, त्यानं स्वतःला फसवलं. अवजार दोघांचं एकच, तृतीय पुरुष एकवचन.

मीही आत्ता तेच अवजार वापरलं. वडील शाळेत मास्तर होते. पाच रुपयांतले दोन मी जत्रेत खर्च केले, तीन भीतीनं विहिरीत टाकले. आणि शेठनी विचारलं तेव्हा मी मान हलवली होती, ती होकारार्थी.