घंटेला पाणी

मी हात पुढे केला आणि अ‍ॅम्पचं बटण शून्यावर आणलं. का, ते सांगत बसत नाही. आवाज थांबल्यावर घरात जी पोकळी झाली, तिच्यात मी एक म्हण टाकली: उथळ पाण्याला खळखळाट फार. भाचीने तारांवर तळहात ठेवला, गिटार मांडीवरून उतरवली आणि शांतपणे विचारलं, "मामा, तू खोली मोजलीस?"

तीन आठवडे झाले. खोली मोजलेली नाही, आणि प्रश्न काही जात नाही.

मी तीस वर्षं गिटार वाजवतो. शिकलो वसईतल्या पापडीच्या एका सरांकडे. ते चर्चच्या गायनवृंदात वाजवायचे. त्यांचं सांगणं एकच: गाणाऱ्याच्या पायाखाली सतरंजी घालावी तशी गिटार घालायची. मोकळ्या तारांच्या कॉर्ड, प्रत्येक तार वेगळी ऐकू आली पाहिजे, आणि शब्दावर सावलीसुद्धा पडता कामा नये. मराठी भक्तिगीतांना ते शोभायचं. पुढे सिनेमाची गाणी वाजवू लागलो, तिथेही गिटार बहुतेक वेळा मागेच उभी असते. ‘दम मारो दम’मधली गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली आहे, हे मला कळलं तेव्हा माझं ते गाणं निदान शंभरदा ऐकून झालं होतं. वाजवणाऱ्याचं नाव विचारावं असं तोवर कधी सुचलंच नव्हतं.

भाची वाजवत होती त्या मेटलमध्ये गिटार मागे उभी राहत नाही. तिथे रिफ, म्हणजे गिटारची फिरून फिरून येणारी चाल, हेच गाणं. गायक कधी बदलला तरी गाणं ओळखू येतं, रिफ काढून घेतली तर काही उरत नाही. गिटार हाती घेतलेली मुलं फिरून फिरून तिथेच का जातात, याचं हे एक उत्तर असेल. ज्या वाद्यासाठी बोटं सोलून घेतली, ते घरात कर्तं असावं असं कुणाला वाटणार नाही? पण मग ही आवड कानाची, की वाद्याच्या मानाची?

म्हणीकडे येतो, कारण ती मीच काढली होती. गेल्या रविवारी सुरूच्या बागेत जाऊन बसलो. पावसाळ्यातला समुद्र, भरतीची वेळ. दूरवर पाणी नुसतं वरखाली होत होतं, आवाज नाही. किनाऱ्याजवळ येऊन लाटा फुटत होत्या आणि शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. म्हणजे म्हण खरी: पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या जवळपास आली की लाट कोसळते, गर्जना होते ती उथळातच. मला बरं वाटलं. मग ध्यानात आलं की ती लाट उथळात जन्मलेली नाही. अरबी समुद्रात कुठेतरी लांबवर वारा वाहिला, त्याचं बळ गुपचूप शेकडो मैल चालत आलं, आणि इथे तळाला पाय लागले तेव्हा ओरडलं. आता हा खळखळाट कुणाच्या नावावर लिहायचा? उथळाच्या, की खोलाच्या? अंधार पडेपर्यंत बसलो. म्हण रचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ओढा असणार, समुद्र नव्हे, अशी समजूत घातली आणि उठलो. ती समजूत घरी पोचेपर्यंतही टिकली नाही.

2008 च्या 1 फेब्रुवारीला आयर्न मेडन हा मेटल बँड मुंबईत आला होता, वांद्रे-कुर्ला संकुलात. त्यांचा तो जगभरचा दौरा तिथून सुरू झाला. मी गेलो नव्हतो. पण त्या रात्री उशिराच्या विरार लोकलमध्ये मी होतो आणि वांद्र्याला काळ्या टी-शर्टची मुलं डब्यात भरली. भांडण होईल अशी मनाची तयारी करून मी कोपऱ्यात सरकलो. काही झालं नाही. त्यांतला एक जण सामानाच्या फळीवर दोन बोटांनी तीच ती चाल वाजवत होता आणि बाकीचे डोळे मिटून मान हलवत होते. सकाळच्या गाडीत भजनी मंडळ टाळ धरतं तेव्हाही माना अशाच हलतात. भाईंदरची खाडी ओलांडताना पुलाचं लोखंड धडधडू लागलं, तरी त्या पोराची लय मोडली नाही. ही तुलना मी तेव्हा केली नव्हती. आज करतो आहे, आणि ती बरोबर आहे की केवळ सोयीची, हे मला ठरवता येत नाही.

आवड बोटांत असते, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. मेटलचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा, नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्राखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला गिटारवादक जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं 1928 साली आगीत निकामी झाली होती, आणि तरी तो तसा वाजवत होता. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. बारीक तारा लावल्या, पुढे 1971 च्या तबकडीत सगळी गिटारच दीड सूर खाली उतरवली. तारा सैल, आवाज खर्जात. ज्याला पुढे हेवी मेटल म्हटलं गेलं, त्याचा एक मोठा भाग असा दुखऱ्या बोटांना सोसेल तेवढ्यातून घडला. आणि माझी बोटं? सरांनी घडवली तशी ती राहिली. मला मेटल आवडत नाही, की माझ्या हाताला ते कधी आलंच नाही म्हणून कानाने परस्पर नकार दिला?

आयोमीच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली तबकडी 13 फेब्रुवारी 1970 ची. परवा प्रथमच ती पूर्ण ऐकली. सुरुवातीला पाऊस पडतो आणि लांबवर चर्चची घंटा वाजते. इथे माझं लक्ष गिटारवरून उडालं ते उडालंच.

माझी आई नाशिकची, पंचवटीतली. लहानपणी मी ओरडलो की ती म्हणायची, "झाली सुरू नारोशंकराची घंटा!" खणखणीत आवाजाच्या माणसाला तिकडे तसं म्हणतात. गोदावरीच्या काठी 1747 मध्ये नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेलं रामेश्वराचं देऊळ आहे, त्याच्या दारावर ती टांगली आहे. तिच्यावर 1721 हे साल आहे. आणि ती वसईची. 1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीजांचा दोनशे वर्षांचा अंमल संपला, आणि इथल्या चर्चच्या घंटा हत्तींवरून मिरवत वरघाटी गेल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर एक आहे, तिच्यावर 1707 कोरलं आहे. भीमाशंकरलाही एक आहे. आईची हाक आणि माझं गाव यांच्यामध्ये ही घंटा होती, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

चार भाग तांबं, एक भाग कथील, असं ढोबळ मानाने घंटेचं काशाचं मिश्रण. शब्दशः जड धातू. युरोपी घंटेत एक गंमत असते: तिच्या मुख्य स्वराबरोबर कोमल गंधार आपोआप बोलतो, म्हणून आनंदाच्या दिवशीही ती थोडी कातर ऐकू येते. ठोक्याचा कर्कशपणा लगेच विरतो. सगळ्यात शेवटपर्यंत रेंगाळतो तो खाली, एका सप्तकाने, गुणगुणणारा खर्ज. हाच धातू वसईत प्रार्थनेला बोलवायचा, पंचवटीत देवदर्शनाची वर्दी देतो, आणि बर्मिंगहॅमच्या पोरांच्या तबकडीत माणसाला घाबरवतो. त्या पहिल्या रिफमध्ये षड्जावरून वरच्या षड्जावर उडी आहे आणि तिथून उतरून तीव्र मध्यमावर थांबणं. युरोपात षड्ज आणि तीव्र मध्यमाच्या या अंतराला सैतानाचं नाव पडलं. आपण संध्याकाळी दिवा लागल्यावर यमन म्हणतो, त्यात तीव्र मध्यम आहेच. अर्थात यमनात त्याला गंधार-पंचमाचा शेजार असतो. शेजार काढून घेतला की स्वर एकटा पडतो. एकट्या पडलेल्या स्वराला सैतान म्हणायचं का?

आईला फोन केला. घंटेबद्दल विचारायचं होतं, म्हणीबद्दल नाही. तिने मात्र पाण्याचंच सांगितलं. गोदावरीचा पूर नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, आणि पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं की तो महापूर. 1969 चा पूर तिने पाहिला आहे.

"मग घंटा वाजली का?" मी विचारलं.

"कोण वाजवणार? आणि वाजली असती तरी ऐकू कुठे येणार होती? पाण्याचाच एवढा आवाज होता, की आम्ही एकमेकींशी खुणेने बोलत होतो."

म्हणजे खोल पाणीही गरजतं. घंटेएवढं खोल.

भाचीचा अ‍ॅम्प अजून माझ्याकडेच आहे, गिटारही. तिने खालची जाडी तार एक सूर उतरवून ठेवली आहे, त्यामुळे एकच बोट आडवं टाकलं की षड्ज-पंचम-षड्ज लागतात. तानपुऱ्याचं लावणं, गंधार मुद्दाम गाळलेला. आवाज फाडून मोठा केला की गंधार चिखल करतो, म्हणून. काल रात्री जेवणं झाल्यावर मी अ‍ॅम्प न लावताच ते वाजवून पाहिलं. डासाएवढा आवाज आला. मग वायर जोडली, बटण तीनवर नेलं. विजेची गुणगुण सुरू झाली, खर्जातली. बोट तारांवर होतं. बराच वेळ तसाच बसलो.