गुडघा गेला की बॅनरवाले कुठं जातात?

मांडव्याचा अविनाश साबळे, आपल्या आष्टी तालुक्याचा. 2023 ला हांगझोऊ एशियाडमध्ये स्टीपलचेसचं सोनं, 2024 ला पॅरिस डायमंड लीगमध्ये 8:09.91 चा राष्ट्रीय विक्रम. जुलै 2025 मध्ये मोनॅकोत पाण्याच्या अडथळ्यावर पडला. गुडघ्याचं लिगामेंट गेलं. तिशी ओलांडलीय, तरी गडी परत येणार म्हणतो.

येईलही. पाठीशी लष्कराची नोकरी आहे.

पण कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला खेळणाऱ्या आपल्या कबड्डीपटूचं काय? आई-बाप उचल घेऊन कारखान्याला गेलेले. ऑपरेशनला पैसे कुठून आणणार? अशी पोरं गुपचूप मैदान सोडताना मी वर्षानुवर्षं बघतोय. त्यांच्यासोबत पोलीस भरतीचं स्वप्नही जातं.

पदक आल्यावर चौकात बॅनर लावणाऱ्यांनो, त्याच पैशात आधी पोरांचा विमा काढा की!