क्लेमचे कागद कॉल सेंटरच्या पडद्यावर

आरोग्य विम्याच्या प्रतिपूर्ती क्लेमचा प्रवास दोन वाटांनी होतो. एक वाट कागदांची: क्लेम फॉर्मचा विमाधारकाने भरायचा भाग ‘अ’, रुग्णालयाने भरायचा भाग ‘ब’, डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, पावत्या, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि शेवटी कॅन्सल केलेला चेक. दुसरी वाट फोनची. कागद पोहोचले का, अजून काय हवे, पैसे कधी जमा होणार, या तीन प्रश्नांपलीकडे क्लेमविषयीचे फोन सहसा जात नाहीत. या तिन्हींची उत्तरे पहिल्या वाटेवर असतात आणि फोन उचलणारा एजंट दुसऱ्या वाटेवर बसलेला असतो. मग फोन होल्डवर जातो, आतल्या विभागाला मेल जातो आणि ग्राहकाला ‘दोन दिवसांत कळवतो’ असे सांगितले जाते. तो दोन दिवसांनी पुन्हा फोन करतोच.

कॉल सेंटरचे सॉफ्टवेअर आणि कागद वाचून त्यातली माहिती वेगळी काढणारे सॉफ्टवेअर यांना जोडण्याचे काम वर्कफ्लो ऑटोमेशन करते. झॅपिअर (२०११) आणि एन-एट-एन (२०१९) ही त्यातली परिचित नावे. मोठ्या विमा कंपन्या आणि त्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्था, म्हणजे टीपीए, बहुधा आपापली यंत्रणा बांधून घेतात. साधन कोणतेही असो, रचना तीच राहते: एका ठिकाणी काही घडले की त्याची वर्दी येते, ठरलेल्या पायऱ्या चालतात आणि निकाल दुसऱ्या ठिकाणी नोंदला जातो.

ही वर्दी देण्याची रूढ पद्धत म्हणजे वेबहुक. जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये हे नाव रुजवले. कागद अपलोड झाला का, हे दर मिनिटाला विचारत बसण्याऐवजी तो झाल्याक्षणी समोरची यंत्रणाच ठरलेल्या पत्त्यावर निरोप पाठवते. पोच मिळाली नाही तर तोच निरोप पुन्हा पाठवला जातो, त्यामुळे एकच कागद दोनदा आल्यासारखा दिसू शकतो. यावर उपाय सोपा असला तरी तो आधीच करून ठेवावा लागतो. प्रत्येक निरोपाचा क्रमांक जपायचा आणि तो पूर्वी येऊन गेला असेल तर काहीही न करता नुसती पोच द्यायची. एवढे राहून गेले की एका डिस्चार्ज समरीपोटी ग्राहकाला दोन एसएमएस जातात आणि एका प्रश्नाचे दोन फोन होतात.

जोडणीचा कणा मात्र क्लेम क्रमांक असतो. फोन आला की नंबरावरून ग्राहकाची माहिती एजंटच्या पडद्यावर आपोआप उघडते, हे कॉल सेंटरला नवे नाही. पण आईच्या शस्त्रक्रियेचा क्लेम मुलगा पुण्याहून स्वतःच्या मोबाइलवरून विचारतो, कागद गावातल्या झेरॉक्सवाल्याच्या ईमेलवरून आलेले असतात आणि पॉलिसीवर नंबर वडिलांचा असतो. म्हणून फोन नंबराच्या भरवशावर कागद आणि कॉल यांची गाठ घालू नये. नंबर फक्त शक्यता सुचवतो. क्लेम क्रमांक, रुग्णाचे नाव आणि दाखल झाल्याची तारीख हे तिन्ही जुळल्यावरच कागद त्या क्लेमला लागावा.

वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम वाटते त्याहून किचकट असते आणि त्याचे कारण बरेचसे पीडीएफमध्ये दडलेले आहे. अॅडोबीने १९९३ मध्ये आणलेला हा प्रकार छापील पान जसेच्या तसे दिसावे म्हणून घडवला गेला. कोणते अक्षर पानावर कुठे बसते, हे त्यात नोंदलेले असते. ‘ही बिलाची एकूण रक्कम’ असे त्यात सहसा लिहिलेले नसते. माणसाला दिसणारा तक्ता सॉफ्टवेअरला अंतरांवरून ताडावा लागतो. फोटो किंवा स्कॅन असेल तर आधी अक्षरे ओळखणे आले. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मुळात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात घडले, २००५ मध्ये खुले झाले आणि आज मराठीही वाचते. छापील मजकूर त्याला बऱ्यापैकी जमतो, डॉक्टरांचे हस्ताक्षर नाही.

महाराष्ट्रातल्या कागदांची आणखी एक तऱ्हा आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली पीडीएफ पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण तिच्यातला मजकूर उचलला की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला हाती येतो. युनिकोड फाइलीतही ऱ्हस्व वेलांटी कधी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. अशा फाइलीतला मजकूर न उचलता पानाचे चित्र करून ते नव्याने वाचणे हाच व्यवहार्य मार्ग. देवनागरी आकड्यांत ‘१’ आणि ‘९’, ‘५’ आणि ‘६’ यांची अंधुक झेरॉक्समध्ये गल्लत होते, तीही तारखेच्या आणि रकमेच्या रकान्यात, म्हणजे नेमकी जिथे परवडत नाही तिथे.

वाचलेली माहिती खरी धरण्याआधी तपासता येते आणि या साखळीतला सर्वांत मोलाचा टप्पा हाच. कॅन्सल चेक घेऊ. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो: पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे स्थान कायम शून्य, उरलेली सहा शाखेची. सॉफ्टवेअरने पाचव्या जागी इंग्रजी ‘ओ’ वाचला तर तो निर्धास्तपणे शून्य करावा. शेवटच्या सहांत मात्र असा हात घालू नये. चेकच्या तळाशी नऊ अंकी एमआयसीआर क्रमांक असतो. त्यातले पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. आयएफएससी एका बँकेचा आणि एमआयसीआर दुसरीचा निघाला तर वाचनात चूक आहे किंवा दोन चेकचे फोटो एकत्र आले आहेत. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक व्हरहॉफ पद्धतीने काढलेला असतो. त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले तर ते लगेच उघडकीस येते. खाते क्रमांकाला सर्व बँकांसाठी समान असा तपासणी अंक नाही, म्हणून तिथे एक रुपया पाठवून खातेदाराचे नाव पडताळतात. बिलात तर बेरीजच साक्षीला असते: बाबींच्या रकमा आणि खालची एकूण रक्कम जुळली नाही की पान माणसाकडे पाठवावे.

वाचणारी साधने बहुधा प्रत्येक रकान्यासोबत खात्रीचा आकडा देतात. नव्व्याण्णव टक्के खात्री असलेली रक्कमही चुकीची असू शकते, त्यामुळे या आकड्यापेक्षा वरच्या जुळवण्या जास्त भरवशाच्या. न जुळलेले कागद वेगळ्या रांगेत जातात आणि ती रांग रोज उपसणारी माणसे नेमली नसतील तर सगळी यंत्रणा शोभेची ठरते. एजंटच्या पडद्यावर संपूर्ण फाइल ओतण्यात अर्थ नसतो. ‘डिस्चार्ज समरी मिळाली, भाग ब वर रुग्णालयाचा शिक्का नाही, औषधांच्या दोन पावत्यांना चिठ्ठी नाही’ एवढ्या तीन ओळी पुरतात. त्या वाचून दाखवल्या की फोन होल्डवर ठेवावा लागत नाही.

उलट दिशेनेही ही वाट वापरता येते. शिक्का नसल्याचे दिसताच ग्राहकाच्या फोनची वाट न पाहता कॉल सेंटरच्या यादीत त्याला करायचा कॉल आपोआप लागतो आणि सोबत कागद पाठवण्याची लिंक जाते. वित्तीय संस्थांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका राखीव केली आहे, त्यामुळे हा कॉल जाहिरातीचा नाही हे नंबरावरूनच कळते. कॅशलेसमध्ये तर घड्याळच लावलेले असते. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी. रुग्णालयाने धाडलेले अंतिम बिल कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहिले तर रुग्ण कपडे बदलून खाटेवर बसून राहतो.

क्लेम नाकारण्याचा निर्णय मात्र या साखळीच्या हाती देऊ नये. कागद लावणे, उणीव दाखवणे, आठवण करणे इथपर्यंत तिची हद्द. नकारावर माणसाची सही हवी आणि कारणही त्यानेच लिहायला हवे.

उरतो गोपनीयतेचा भाग. डिस्चार्ज समरीत निदान असते आणि ते फोन घेणाऱ्या प्रत्येकाला दिसण्याची गरज नसते. समरी आली एवढे कळले तरी एजंटचे काम भागते. आधारचे पहिले आठ अंक झाकूनच क्रमांक पडद्यावर यावा. कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये ग्राहकाने खाते क्रमांक सांगितलेला असतो, तेव्हा रेकॉर्डिंगलाही कागदाइतकेच जपावे लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची आणि गरज संपली की, दुसरा कायदा ती ठेवायला सांगत नसेल तर, पुसायची. वर्कफ्लोच्या मधल्या पायऱ्यांत फाइलींच्या तात्पुरत्या प्रती साचत जातात. मूळ नोंदींची मुदत ठरवताना या प्रतींचीही ठरवावी लागते, कारण त्या कोणाच्याच यादीत नसतात.