तीस दिवस

आम्ही चौघी एकाच वर्षी, 2008 च्या जूनमध्ये, शिक्षणसेवक झालो. सकाळी अकोल्याच्या बसस्थानकावर भेटायचे आणि एसटीने बाळापूरच्या बाजूला एका उर्दू प्राथमिक शाळेत जायचे, हा आमचा क्रम. शाळा खासगी संस्थेची, अनुदान शासनाचे, मानधन दरमहा 3000 रुपये. घरच्यांनी मात्र "लडकी को सरकारी नौकरी लगी" म्हणून मोहल्ल्यात मिठाई वाटली. 2000 साली आलेल्या या योजनेत तीन वर्षे 'सेवक' राहावे लागते आणि मगच माणूस शिक्षक होतो, हे त्यांना कोणी सांगितले नाही. धड आम्हांलाही ठाऊक नव्हते.

चौघींत एक वयाने मोठी. तिला आम्ही आपा म्हणायचो. तिच्या वर्गातली पोरे सुटीतही घरी जायला निघत नसत.

मानधन देताना संस्था इमारतीच्या नावाखाली काही रक्कम ठेवून घेई. आम्ही गप्प होतो. तिसऱ्या वर्षी आपाने पावती मागितली. भांडली नाही, फक्त पावती मागितली. पुढे दोन महिन्यांत तिच्या हातात कागद पडला.

शाळा उर्दू, पण असले कागद मराठीतून निघत. आमच्यातल्या जिची मराठी बरी होती तिने तो कागद एसटीत वाचून दाखवला : आपले काम समाधानकारक नसल्याने सेवा समाप्त करण्यात येत आहे. सोबत एक महिन्याचे मानधन. आपाने विचारले, "समाधानकारक यानी?" आम्ही म्हणालो, "तसल्लीबख्श." ती हसली. "किसकी तसल्ली?"

कायदा आम्ही नंतर वाचला. 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी अधिनियमाचे कलम 5 संस्थेला हा अधिकार देते. काम किंवा वर्तणूक पसंत नसेल, तर महिन्याची नोटीस किंवा महिन्याचे मानधन देऊन परिविक्षेतल्या माणसाला घरी बसवता येते. पण 1981 चे नियम असेही म्हणतात, की मुख्याध्यापकाने त्याच्या कामाचे निःपक्षपाती मूल्यमापन करावे आणि त्याची नोंद ठेवावी. आपाच्या टाचणवहीवर मुख्याध्यापकांचेच 'उत्तम' असे शेरे होते. कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येत होते. मुदत तीस दिवस.

टाचणवह्या शाळेच्या कपाटात अडकल्या होत्या. म्हणून आपा रोज सकाळी बसस्थानकावर येई. "दो लाइन लिख दो," म्हणे, "मी वर्ग घेत होते, एवढंच." आम्ही म्हणत असू, "कल देते हैं आपा." आमची तीन वर्षे पुरी व्हायला सात महिने उरले होते. ज्या कलमाने ती गेली त्याच कलमाखाली आम्ही तिघी उभ्या होतो. भीती खरी होती, हे आजही म्हणू. पण आम्ही तिला कधी 'नाही' म्हटले असते, तर तिने दुसरीकडे विचारले असते. आमच्या 'कल'ने तिचे तीस दिवस खाल्ले. मग ती यायची थांबली. मुदत उलटली तरी योग्य कारण दाखवून अपील दाखल करता येते, हे आम्हांला वकिलाने सांगितले तोवर बरीच वर्षे गेली होती.

सर्वोच्च न्यायालयाचा 1984 चा अनूप जयस्वाल खटलाही तेव्हाच कळला. हैदराबादच्या पोलीस अकादमीतले काही प्रशिक्षणार्थी एका सकाळी कवायतीला उशिरा पोचले. बाकीच्यांना समज देऊन सोडले आणि जयस्वालांना चिथावणी देणारा ठरवून सेवेतून काढले. आदेश अगदी साधा, कुठे ठपका नाही. न्यायालयाने आदेशाच्या शब्दांमागे काय आहे ते पाहिले, चौकशीविना दिलेली ही शिक्षाच आहे म्हटले आणि त्यांना परत घेतले. त्या निकालातले आमचे लक्ष मात्र 'बाकीच्यां'कडेच गेले.

2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेने आपले हजारो परिविक्षाधीन कर्मचारी काढले. अनेकांना आलेली पत्रे जवळपास एकाच साच्याची होती आणि त्यांत कामगिरी कमी पडल्याचे लिहिले होते. बातमी वाचून आम्ही तिघींनी एकमेकींना फोन केले. आपाचे नाव कोणीच घेतले नाही.

आम्ही 2011 च्या जूनमध्ये कायम झालो. आता शिक्षणसेवकाचे मानधन 2023 पासून 16000 आहे. नव्या मुली आम्हांला विचारतात, तीन वर्षे कशी काढायची? आम्ही त्यांना सांगतो, टाचणवहीची एक प्रत घरी ठेवा. बाकीचे सांगत नाही.

आपा अकोल्यातच असते. घरी शिकवणी घेते. आमच्यातल्या दोघींची मुले तिच्याकडे जातात. फी दिली की ती लगेच पावती फाडून देते, सहीसकट.