मोबाईलमधला पाठ

मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत इयत्ता चौथीत शिकते. आमचे गाव अमळनेर तालुक्यात आहे. आमच्या घरी माय, आबा, आजी, दादा आणि मी अशी पाच माणसे आहोत. मोबाईल मात्र एकच आहे. तो आबांच्या खिशात असतो.

आमच्या भागातल्या शाळांसाठी एक संकेतस्थळ आहे. संकेतस्थळ म्हणजे मोबाईलवर उघडायची जागा. तिथे पाठ, चित्रे आणि गणिते ठेवलेली असतात. बाई आठवड्यातून एक पाठ घरी पाहायला सांगतात.

कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट आहे. बाईंनी अपूर्णांकाचा पाठ पाहायला सांगितला. आबा सकाळीच शेतात गेले ते दिवेलागणीला आले. मग दादा म्हणाला, "माझी दहावी आहे, आधी मी." त्याचे झाल्यावर मी मोबाईल घेऊन धाब्यावर गेले, कारण आमच्या घरात रेंज येत नाही. आधी इयत्ता विचारली, मग माध्यम, मग विषय, मग पासवर्ड. पासवर्ड तीनदा चुकला. शेवटी पाठ उघडला, पण नुसते गोल चक्र फिरत राहिले. तेवढ्यात त्या दिवसाचे नेट संपले. खालून आजी ओरडली, "काय करी ऱ्हायनी वं पोरी? खाले ये!" मी खाली आले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "पाठ कोणी कोणी पाहिला?" सगळ्यांचे हात वर गेले. मला लाज वाटली, म्हणून मीही हात वर केला. बाईंनी नेमकं मलाच उभं केलं. "सांग बरं, पाठात काय कापलं होतं?" मी मनात म्हटलं, अपूर्णांक म्हणजे भाकरीच असणार. मी सांगितलं, "भाकरी, बाई. चार तुकडे केले."

काही मुले हसली. पाठात पिझ्झा होता. माझे कान गरम झाले.

बाई रागावल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी मला जवळ बोलावलं. मी रडत रडत सगळं खरं सांगितलं. बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग वर्गात येऊन म्हणाल्या, "आता खरं सांगा. कोणाला शिक्षा नाही. पूर्ण पाठ कोणी पाहिला?" आम्ही वर्गात एकवीस मुले आहोत. फक्त पाच हात वर आले. मला हसणाऱ्यांतला एक हात आता खालीच होता! त्याने दुसऱ्याकडून ऐकलं होतं. आणि ज्यांनी पाठ पाहिला होता, त्यांतल्या एकानेही पिझ्झा खाल्लेला नव्हता.

बाई म्हणाल्या, "खोटं बोलणं चूक आहे. पण माझंही चुकलं. घरी मोबाईल कधी मिळतो, हे मी तुम्हाला विचारलंच नाही." मग त्यांनी सांगितलं की ते संकेतस्थळ आता नव्याने करायचे आहे. पहिल्या वेळी वर्गात शिकवणाऱ्यांना फारसं विचारलं नव्हतं. आता केंद्राच्या शिक्षण परिषदेत सगळ्या शिक्षकांना विचारणार होते. बाई म्हणाल्या, "मला विचारणार आहेत, तर मी आधी तुम्हाला विचारते."

आम्ही चिठ्ठ्या लिहिल्या. कोणी लिहिलं, पासवर्ड नको. कोणी लिहिलं, बटणे कमी करा. मी लिहिलं, पाठ लहान करा, म्हणजे कमी नेटमध्ये उघडेल. आणि ज्यांच्या घरी मोबाईल नाही त्यांना तेच कागदावर द्या. एका मुलीने लिहिलं, पाठात अहिराणी बोला, म्हणजे आजीलाही समजेल.

बाईंनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडी नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी होते. त्यांनी पुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले. तो चौकोन मोबाईलला दाखवला की पाठ उघडतो. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. आता आमच्या बालभारतीच्या पुस्तकातही तसे चौकोन आहेत.

दुसरी गोष्ट आमच्या अमळनेरची. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथे शाळेत शिक्षक होते. ते वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. तेव्हा मोबाईल नव्हता, पण आपल्या मुलांना काय हवे ते गुरुजींना माहीत होते. बाई म्हणाल्या, "साधन कोणतंही असो, रोज मुलांसमोर उभं राहणाऱ्याला विचारून केलं तर ते कामाला येतं."

बाई आमच्या चिठ्ठ्या पिशवीत घालून परिषदेला गेल्या. परत आल्यावर त्यांनी खरं खरं सांगितलं. पासवर्ड काढायचे ठरले. पाठ लहान करायचे ठरले. प्रत्येक पाठाबरोबर छापायचा एक कागदही मिळणार होता. अहिराणीचे मात्र काही ठरले नाही. म्हणून आम्ही स्वतःच अहिराणी शब्दांची यादी करून या भित्तिपत्रकावर लावली आहे. ती खालच्या कोपऱ्यात आहे.

अपूर्णांकाचा नवा पाठ बनवायचे काम आमच्या बाईंकडेच आले. त्यांनी मला विचारलं, "तुझी भाकरी घेऊ का गं पाठात?" दुसऱ्या दिवशी मायने कळण्याची भाकरी करून दिली. बाईंनी ती टेबलावर ठेवली आणि तिचे चार सारखे भाग केले. दादाने मोबाईल धरला. नंतर ते चार भाग आम्ही मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ले.

तो पाठ मी आजीला दाखवला. आजी म्हणाली, "हाई ते आपली भाकर शे!"

मित्रांनो, आता कोणी विचारलं की पाठात काय कापलं, तर माझं उत्तर बरोबर आहे. पण त्या दिवशी ते खोटंच होतं, हे मी विसरले नाही. पाठ पाहिला नसेल तर नाही म्हणून सांगा. आणि पालकांनो, संध्याकाळी थोडा वेळ मोबाईल आम्हाला द्या. दादाच्या आधी दिला तरी चालेल.