खालचा आकडा

धारला भाचीचं लग्न आटोपून देवासला अक्काकडे उतरले. डोकं जड वाटत होतं. तीन दिवस रक्तदाब मोजला, दरवेळी पाच मिनिटं शांत बसून. १३४/९८च्या आसपासच.

‘वरचा बरा आहे की,’ मी म्हटलं. बाबाही असंच म्हणायचे. साठीच्या आत अर्धांगवायूनं अंथरूण धरलं.

डॉक्टर म्हणाले, दोन ठोक्यांमध्ये हृदय विसावतं, तेव्हाचा दाब म्हणजे खालचा आकडा. नव्वदच्या वर टिकला तर तोही रक्तदाबच. दिवसाचं सगळं मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत.

आणि माळव्यात तर पोह्यांवरही शेव! शिवाय माझ्या पिशवीत बेळगावचं लोणचं, संडिगे. आईची म्हण आठवली: उप्पिगिंत रुचि इल्ल, तायिगिंत देवरिल्ल. ‘त्यातली आई तेवढी ठेव,’ म्हणत अक्कानं मीठदाणी उचलली.

रोज संध्याकाळी टेकडीकडे फिरायला जायचो. गोळी नको, फिरणं पुरे, असा माझा हट्ट. अक्का म्हणाली, ‘आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या दुखण्यात इथं आले. त्यांनाही नुसती हवा पुरली नाही, स्ट्रेप्टोमायसिन लागलंच.’

गोळी सुरू केली. दोन महिन्यांनी बेळगावात मोजला, खालचा ८४. गोळी चालूच आहे. लोणच्याची बरणी शेजारीणबाईंना दिली, त्यांचा रक्तदाब विचारून.